मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला: इंग्रजीतलं फिजिक्स वाचायचं आणि ऐकायचं कसं

दहावीची परीक्षा २०२५ साली १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मेला लागला. मराठी माध्यमातून सायन्सला जाणाऱ्या मुलांनी मधले हे दोन महिने वाया घालवू नयेत, कारण आपल्या बोर्डाची अकरावी-बारावी विज्ञान शाखा इंग्रजीतूनच शिकवली जाते. सेमी-इंग्रजीवाल्यांना निदान पुस्तकाची सवय असते. पूर्ण मराठीतून आलेल्या मुलाला 'त्वरण' व्यवस्थित कळलेलं असतं, पण वर्गात ते इंग्रजी कपड्यांत समोर आलं की ओळख पटत नाही. माझी भाची त्याच वर्षी यातून गेली. मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे तिच्याबरोबर बसणं ओघानंच आलं. मार्च ते ऑक्टोबर काय काय केलं, कशाला किती वेळ आणि पैसे लागले, कुठे घोडं अडलं, ते क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. अडचण मोठ्या पारिभाषिक शब्दांची नसते. फोर्स, मास, करंट, पॉवर हे शब्द कानावरून गेलेले असतात, आणि मराठी पुस्तकातही बऱ्याच संज्ञांपुढे इंग्रजी शब्द छापलेला असतो. मुलं अडतात ती मधल्या किरकोळ शब्दांवर: हेन्स, रिस्पेक्टिव्हली, ॲट रेस्ट, पर युनिट, निग्लेक्टिंग. हे कोणी शिकवत नाही, कारण शिकवणाऱ्याला ते शिकवायचे शब्द वाटतच नाहीत.

मार्चअखेर: दोन पुस्तकं शेजारी शेजारी

ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत फुकट उतरवून घेता येतात. आकृत्या त्याच, तक्ते तेच, मजकूरही जवळपास परिच्छेदाला परिच्छेद. सरावासाठी याहून सोयीचं साहित्य मला तरी माहीत नाही. आशय आधीच डोक्यात असल्यामुळे लक्ष फक्त भाषेवर राहतं.

अख्खं पुस्तक छापू नका. नववीतली गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, प्रकाशाचे परावर्तन, ध्वनीचा अभ्यास ही प्रकरणं आणि दहावीच्या पहिल्या भागातली गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे व त्यांचे उपयोग ही प्रकरणं पुरतात. इंग्रजी प्रती पाठपोट झेरॉक्स काढल्या तर दोनशे-अडीचशे रुपयांत काम होतं. मोबाइलवर वाचून हे जमत नाही, पेन्सिलीने खुणा करता यायला हव्यात. मराठी पुस्तक घरात असतंच. परीक्षा संपल्या संपल्या ते रद्दीत घालू नका.

पद्धत अशी. आधी मराठी परिच्छेद वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. मग तोच परिच्छेद इंग्रजीत मोठ्याने वाचायचा. शेवटी त्यात काय म्हटलंय ते मराठीत तोंडी सांगायचं. ओळीला ओळ भाषांतर करायचं नाही. शब्दकोशही लगेच उघडायचा नाही. ज्या शब्दावाचून वाक्य अडतं तेवढ्याच शब्दाखाली रेघ. सुरुवातीला पानाला अर्धा तास लागतो आणि कंटाळाही येतो. पहिलं प्रकरण संपलं की वेग वाढतो, कारण तेच ते क्रियापद आणि तीच ती वाक्यरचना परत परत येते.

दोनशेपानी वहीत चार रकाने आखले: इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, उच्चार देवनागरीत, बालभारतीची मराठी संज्ञा, आणि चिन्ह व एकक. चौथा रकाना आळसाने सोडून देऊ नका. 'मोमेंटम, संवेग, पी, किलोग्रॅम मीटर पर सेकंद' एवढं एका ओळीत असलं की पुढे वर्गात नुसतं 'पी' ऐकलं तरी संवेग आठवतो. सारख्या दिसणाऱ्या शब्दांना एकच पान दिलं: मोमेंट आणि मोमेंटम, रिफ्लेक्शन, रिफ्रॅक्शन आणि डिफ्रॅक्शन, कॉन्केव्ह आणि कॉन्व्हेक्स, व्हेलॉसिटी आणि व्हिस्कॉसिटी, ॲक्युरसी आणि प्रिसिजन, स्ट्रेस आणि स्ट्रेन. घोटाळे याच जोड्यांत होतात, त्या विखुरलेल्या असल्या की लक्षात येत नाहीत. अकरावीतल्या नव्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर खुले आहेत. तिथे कधी कधी एका शब्दाला दोन-तीन मराठी पर्याय दिसतात. बालभारतीने जो वापरलाय तोच ठेवावा.

एप्रिल: गणितांची भाषा

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. शाब्दिक उदाहरण सोडवायचं नाही, फक्त वाचून 'दिलेलं काय आणि काढायचं काय' एवढंच लिहायचं. उदाहरणार्थ: अ कार मूव्हिंग ॲट ५४ किलोमीटर पर अवर इज ब्रॉट टू रेस्ट इन १० सेकंड्स बाय युनिफॉर्म रिटार्डेशन. यातून यू (सुरुवातीचा वेग) बरोबर १५ मीटर प्रति सेकंद, व्ही (शेवटचा वेग) बरोबर ०, टी (वेळ) बरोबर १० सेकंद एवढं कागदावर आलं की वाचन झालं. पुढचं, म्हणजे मंदन १.५ आणि अंतर ७५ मीटर, हे मराठी माध्यमाच्या मुलालाही चुटकीसरशी येतं. गुण जातात ते 'ब्रॉट टू रेस्ट' म्हणजे शेवटचा वेग शून्य, हे न उमगल्याने.

असे सांकेतिक शब्द फिजिक्समध्ये थोडकेच आहेत आणि प्रत्येकामागे एक समीकरण दडलेलं असतं. 'स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट' म्हणजे यू शून्य. 'ड्रॉप्ड' म्हटलं तरी यू शून्य, पण 'थ्रोन' किंवा 'प्रोजेक्टेड' म्हटलं की सुरुवातीचा वेग आहे. 'स्मूद सरफेस' म्हणजे घर्षण धरायचं नाही. 'युनिफॉर्म व्हेलॉसिटी' म्हणजे त्वरण शून्य, तर 'युनिफॉर्म ॲक्सलरेशन' म्हणजे त्वरण आहे आणि ते बदलत नाही. 'ॲट द हायेस्ट पॉइंट' असं सरळ वर फेकलेल्या चेंडूबद्दल म्हटलं तर त्या क्षणी वेग शून्य, त्वरण मात्र ९.८ खालीच. 'बॉडी' म्हणजे कोणतीही वस्तू, शरीर नव्हे.

'लाइट इनएक्स्टेन्सिबल स्ट्रिंग' वाचल्यावर "मामा, दोरीचा रंग फिकट असला तर गणितात काय फरक पडतो?" असा प्रश्न आला होता. प्रश्न रास्तच आहे. इथे लाइट म्हणजे हलकी, इतकी की तिचं वस्तुमान शून्य धरायचं. त्यामुळे तिच्यातला ताण सगळीकडे सारखा राहतो (पुलीही हलकी आणि घर्षणविरहित असली तर पुलीच्या दोन्ही बाजूंनाही). इनएक्स्टेन्सिबल म्हणजे ताणली तरी न वाढणारी. म्हणून दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांचं त्वरण सारख्याच मापाचं. विशेषणं शोभेची नाहीत, प्रत्येकातून एकेक अट मिळते. हे एकदा पटलं की मूल विशेषणं गाळून वाचायचं थांबतं.

दोन शब्दयोगी अव्ययं तर हमखास गुण खातात. तापमान 'इन्क्रीजेस बाय २०' म्हणजे वीस अंशांनी वाढलं. 'इन्क्रीजेस टू २०' म्हणजे वाढून वीसवर आलं. मराठीत 'ने' आणि 'पर्यंत' स्पष्ट असतात, इंग्रजीत डोळा तेवढ्यावरून घसरतो. तीच गत 'रिस्पेक्टिव्हली'ची. 'मासेस ऑफ ए अँड बी आर २ अँड ३ किलोग्रॅम रिस्पेक्टिव्हली' यात क्रम महत्त्वाचा. 'रेशो ऑफ ए टू बी' मध्ये आधी आलेलं वर. 'इनव्हर्सली प्रपोर्शनल टू द स्क्वेअर' म्हणजे छेदात वर्ग. याला गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण आयतं उदाहरण आहे.

मे: कान

वाचनात माणूस मागे जाऊ शकतो, ऐकण्यात वाक्य निसटलं की निसटलं. म्हणून ऐकायला तोच विषय घ्यावा जो आधी वाचून झालाय. तारेचे साधे इअरफोन दीडशेच्या आसपास मिळतात आणि ते पुरतात. दोघांनी मिळून ऐकायचं तर छोटा स्पीकर बरा.

व्हिडिओचा दीड-दोन मिनिटांचा तुकडा निवडायचा. पहिल्यांदा पडद्याकडे न बघता नुसता ऐकायचा आणि कागदावर फक्त संज्ञा आणि आकडे टिपायचे. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्यानंतर थांबवून ते वाक्य लिहायचं. तिसऱ्यांदा खालची अक्षरं (सबटायटल्स) सुरू करून आपलं लिहिलेलं ताडून पाहायचं. हे दोन मिनिटांचं काम अर्धा तास घेतं, त्यामुळे दिवसाला एकच तुकडा. अक्षरं पहिल्यापासून सुरू ठेवली तर तो वाचनाचाच सराव होतो, कान रिकामाच राहतो. आपोआप तयार होणारी अक्षरं चुकतातही: वेट म्हणजे वजन आणि वेट म्हणजे थांबणं यात यंत्राची गल्लत होते, ग्रीक अक्षरांची तर वाट लागते. गती ०.७५ वर ठेवायला हरकत नाही, त्याखाली आवाज फाटतो. आठवड्याभरात १ वर आणावी, नाहीतर तीच सवय लागते.

ताडून पाहिल्यावर चुकांचं स्वरूप दिसतं. मोठे शब्द सहसा सुटत नाहीत. सुटतात ते ऑफ, टू, ॲन, हॅज बीन. बोलताना ते गिळले जातात आणि शब्द एकमेकांना चिकटतात. अमेरिकन बोलण्यात 'कान्ट'मधला ट जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे 'ऊर्जा नष्ट करता येत नाही' याचं 'करता येते' होऊन बसतं. तिथे वाक्याच्या अर्थावरून ठरवायचं, कानावर विसंबायचं नाही.

आकड्यांचा सराव वेगळा करावा लागतो. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांत जोर कुठल्या भागावर आहे ते ऐकायचं. त्यात मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र दोन आधी. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या 'वीस पाच'वरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल.) इंग्रजीत ऐकताना घाईत काही मुलं ट्वेंटी-फाइव्हचे ५२ लिहितात. उपाय साधा: घरातल्या कोणीही रोज वीस संख्या इंग्रजीत वाचायच्या, दशांश आणि घातांकासकट. 'सिक्स पॉइंट सिक्स सेव्हन इंटू टेन रेज्ड टू मायनस इलेव्हन' ऐकून ६.६७ × १०⁻¹¹ झटकन लिहिता आलं पाहिजे. आपल्याकडच्या वर्गांत गुणिलेला 'इंटू', भागिलेला 'बाय' किंवा 'अपॉन' म्हणतात. परदेशी व्हिडिओत 'टाइम्स' आणि 'ओव्हर' येतं. दोन्ही ओळखीचं हवं.

अक्षरांचे उच्चारही कागदावर लिहून भिंतीला लावावेत. 'व्ही नॉट' मधला नॉट म्हणजे नकार नाही, व्हीच्या पायाशी लिहिलेला शून्य. खान ॲकॅडमीच्या धड्यांत झेड अक्षाला 'झी' म्हणतात आणि ते 'सी'सारखं ऐकू येतं. थीटाचा 'थेटा' होतो, बीटाचा 'बेटा'. न्यू हे ग्रीक अक्षर दिसायला इंग्रजी व्हीसारखं, ओमेगा दिसायला डब्ल्यूसारखा, आणि ऱ्हो दिसायला पीसारखा. घनता आणि संवेग किंवा दाब एकाच गणितात आले की हस्ताक्षराचाही प्रश्न होतो.

साहित्य कुठून घ्यायचं? अगदी सुरुवातीला व्हॉइस ऑफ अमेरिकाचे लर्निंग इंग्लिश हे कार्यक्रम. मोजके शब्द आणि संथ वाचन ही त्यांची १९५९ पासूनची रीत होती; नवे भाग २०२५ मध्ये थांबले, पण त्यांच्या जुन्या साठ्यात विज्ञानावरचे भरपूर भाग आहेत. मग बीबीसीचे सहा मिनिटांचे संवाद, सोबत छापील मजकूर असतो. भारतीय उच्चारांसाठी आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या आणि स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांवरची शालेय व्याख्यानं. कॉलेजातले शिक्षक बीबीसीसारखे बोलणार नसतात, तेव्हा हा शेवटचा प्रकार टाळू नये.

बहुतेक मुलं जे ऐकतात त्याचा या कामी उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगतो. हिंदीमिश्रित कोचिंगच्या व्हिडिओंत संज्ञा इंग्रजी असतात आणि त्यांना जोडणारं सगळं हिंदी: 'बॉडी रेस्ट पे है तो व्हेलॉसिटी झीरो हो गयी'. फिजिक्स समजायला उत्तम. पण आपल्याला ज्या जोडशब्दांचा सराव हवाय तेच इथे गायब असतात. वर्षभर हे ऐकूनही छापील प्रश्न वाचता येत नाही, असं मी दरवर्षी पाहतो.

मेअखेर ते जुलै: प्रवेशाची वाट पाहताना

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्या वर्षी नोंदणी शुल्क १०० रुपये होतं, पसंतीक्रम किमान १ आणि कमाल १० कॉलेजांचा. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आरक्षण असल्यास जातीचा दाखला स्कॅन करून तयार ठेवावा. सायन्सला माध्यमाच्या रकान्यात इंग्रजी निवडायचं. त्या वर्षी मेअखेर नोंदणी झाली, जूनअखेर पहिली यादी लागली, मग पुढच्या फेऱ्या. वेळ बराच जातो आणि घरात सगळे संकेतस्थळाकडे डोळे लावून बसतात. त्या काळात अभ्यासाची वेळ मोडू न देणं हेच मोठं काम.

या दिवसांत अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकाला हात घातला. तेही ई-बालभारतीवर आहे, १४ प्रकरणं. सुरुवात पहिल्या प्रकरणापासून न करता चौथ्यापासून, लॉज ऑफ मोशनपासून केली, कारण तो भाग नववीत झालेला. मग पाचवं, ग्रॅव्हिटेशन. दुसरं प्रकरण सदिश आणि कलनाचं आहे. ते वर्गात शिकवल्याशिवाय एकट्याने वाचण्यात अर्थ नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे फुकट संगणकीय प्रयोग इथे फार कामी आले. त्यांतले बरेच मराठीतही आहेत. तोच प्रयोग आधी मराठीत चालवायचा, मग इंग्रजीत उघडायचा; बटणांवरचे शब्द आपोआप जुळतात. बल आणि गतीच्या प्रयोगात घर्षणाची कळ सरकवत 'फ्रिक्शन फोर्स', 'ॲप्लाइड फोर्स', 'सम ऑफ फोर्सेस' हे बाणांसकट दिसतं. दिसेल ते एका इंग्रजी वाक्यात बोलायचं. वाक्य तोडकंमोडकं चालेल.

ऑगस्टपासून: वर्ग, प्रयोगशाळा आणि पहिली चाचणी

वर्गात ऐकत ऐकत लिहायचं असतं आणि त्याचा सराव घरी होत नाही. पूर्ण वाक्यं लिहायला गेलं की पुढची दोन ऐकायची राहतात. म्हणून लघुरूपं ठरवून घ्यावीत: 'देअरफोर'साठी तीन ठिपके, प्रमाणचिन्ह, बदलासाठी डेल्टा. न कळलेल्या शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून शेजारी प्रश्नचिन्ह. स्पेलिंग संध्याकाळी शोधता येतं. पुढच्या तीन बाकांत बसावं. मागे पंख्याच्या आवाजात व्यंजनं ऐकू येत नाहीत.

प्रयोगशाळेची भाषा वेगळीच. जर्नलमध्ये एम (म्हणजे उद्देश), ॲपरेटस, प्रोसीजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, रिझल्ट, प्रिकॉशन्स असे मथळे ठरलेले असतात आणि कृती बहुतेक वेळा कर्मणी प्रयोगात: द बॉब इज सस्पेंडेड, द लेंथ इज मेजर्ड. मराठीत आपण 'लंबकाचा गोळा टांगला' म्हणतो तसंच हे, हे दाखवलं की भीती जाते. लीस्ट काउंट, पिच, झीरो एरर, पॅरलॅक्स हे शब्द उपकरण हातात घेऊन शिकावेत. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०१ सेंटिमीटर, स्क्रू गेजचा ०.०१ मिलिमीटर, एककं वेगवेगळी आहेत आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात. पॉझिटिव्ह झीरो एरर वाचनातून वजा होते, हेही.

पहिली घटक चाचणी २५ गुणांची. तिच्या आधी आठवडाभर फक्त प्रश्नांची क्रियापदं घेतली. डिफाइन म्हटलं की व्याख्या, तिथे उदाहरण लिहीत बसायचं नाही. स्टेट म्हणजे नुसता नियम. डिराइव्ह म्हणजे आकृती, गृहीतकं आणि पायऱ्या. डिस्टिंग्विश म्हणजे दोन रकाने. 'शो दॅट' मध्ये उत्तर दिलेलंच असतं, मार्ग दाखवायचा. आणि 'हेन्स' आला की आधीच्या भागाचाच आधार घ्यायचा, नव्याने सुरुवात केली तर गुण कापले जातात. चाचणीचे पेपर हातात आले की चुकांच्या दोन याद्या कराव्यात, फिजिक्स न आल्याच्या आणि प्रश्न न कळल्याच्या. दुसरी यादी सहामाहीच्या ५० गुणांच्या पेपरापर्यंत बरीच आटते.

दिवाळीनंतर रोजचा तुकडा बंद केला, आता आठवड्यातून दोनदा पुरतो. वहीत नवे शब्द प्रकरणागणिक वीस-पंचवीसच येतात.

प्रवेश परीक्षांबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून तेही. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मराठीतून घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. नीट आणि जेईई मेन मराठीतही होतात. नीटमध्ये मराठी आणि इंग्रजी प्रश्नात तफावत निघाली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. भाषेची निवड अर्ज भरतानाच करायची असते, तेव्हा त्याआधी घड्याळ लावून एक सरावपेपर दोन्ही भाषांत सोडवून बघा आणि ज्यात प्रश्न लवकर वाचून होतात ती भाषा भरा. दोन वर्षं इंग्रजीतून शिकल्यावर 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' वाचायला 'इंडक्शन'पेक्षा जास्त वेळ लागतो, असं बऱ्याच मुलांना त्या सरावपेपरातच कळतं.